चौथी चिठ्ठी

मथुराबाई, तुमच्या प्रचारासाठी मी हळदीकुंकू ठेवलं आणि तुम्ही विधवा आहात हे विसरलो.

गेली नऊ-दहा वर्षं लोणावळ्यापासून वडगावपर्यंत ज्या ज्या बैठकीत चहा उशिरा आला, त्या त्या बैठकीत मी हा किस्सा सांगितला आहे. सांगताना कपाळावर हात मारतो, आवाज बारीक करून तुमची नक्कल करतो, आणि लोक पोट धरून हसतात. तुमच्यादेखत सांगितला तेव्हा तुम्हीही हसायचात. पदर तोंडाला लावून, नजर माझ्यावर ठेवून. तोंड पदराआड असल्यानं खरं हसताय की कसं, ते कळायला मार्ग नसायचा. मला संशय यायचा आणि मी किस्सा लवकर आटपायचो.

तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. तुमच्या गावचा ओढा तुम्ही पाहिला असतात तर म्हणाला असतात, बघा, मेल्यावरबी वाट दिना. भाद्रपदातलं पाणी मांडीपर्यंत होतं. तुम्हाला खांद्यावर घेतलेली माणसं पाय चाचपत चाचपत पुढे सरकत होती. मी मागे होतो. माझी एक वहाण वाहून गेली, आणि ती पकडायला मी वाकलो तेव्हा मागच्यानं विचारलं, "चिटणीस, तुमाला चक्कर आली का?" मी हो म्हणालो. तुमच्या अंत्ययात्रेतसुद्धा मी एक खोटं बोललो, ते इथे नोंदवून ठेवतो.

परवा वडगावला पक्षाच्या तालुका समितीनं तुमची शोकसभा घेतली. आपले अध्यक्ष बापूसाहेब तुमच्याविषयी पाऊण तास बोलले. जिवंतपणी त्यांनी तुम्हाला एका वेळी पाच मिनिटंही बोलू दिलं नव्हतं. "मथुराबाईंना उंबऱ्याबाहेर आम्ही आणलं," असं म्हणताना त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं, आणि मला तिथेच संशय आला. उंबऱ्याबाहेर तुम्ही समितीत येण्याच्या कितीतरी आधी पडला होतात. सरकारी रानातलं गवत कापलंत म्हणून सहा महिने येरवड्याला काढून आलात, तेव्हा बापूसाहेब खंडाळ्याला हवापालट करत होते. पण मी उठून तसं बोललो नाही. मी इतिवृत्त लिहीत होतो. "अध्यक्षांनी भावपूर्ण शब्दांत" असं लिहिलं. तुम्ही असतात तर मागून वाकून पाहिलं असतंत आणि म्हणाला असतात, "भाव कुटं व्हता, मला तर दिसला न्हाई."

तुमची माझी ओळख अशा वाकून पाहण्यातूनच झाली. वडगावच्या कचेरीबाहेर चिंचेखाली माझी चटई. येईल त्याचा अर्ज लिहायचा, हा धंदा. माझं अक्षर मोत्यासारखं, हे मी म्हणत नाही, मामलेदार म्हणायचे. एकदा तर त्यांनी मी लिहिलेला अर्ज नामंजूर केला आणि कागद मात्र मुलाला कित्ता गिरवायला घरी नेला. तुम्ही मळवलीहून आलात आणि म्हणालात, ओढ्यावर साकव पाहिजे. लाकडाचा, दोन माणसं अंगाला अंग लावून जातील एवढा. पावसाळ्याचे चार महिने तुमच्या गावच्या बायका डोक्यावर दुधाच्या चरव्या घेऊन त्या पाण्यातून स्टेशन गाठायच्या. तुमच्या जावेची बहीण बाळंतपणात अडली, तिला बाजेवरून दवाखान्यात न्यायचं होतं. ओढा उतरेपर्यंत बाज या काठावर एक रात्र आणि एक दिवस थांबली. पुढचं तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही, आणि अर्जात त्याला रकाना नव्हता.

मी अर्ज लिहिला. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात आणि बोट ठेवून वाचायला लागलात. तुरुंगात वाचायला शिकलात हे मला कुठे ठाऊक! माझ्या धंद्याला त्या क्षणी पहिला धोका दिसला.

"हितं 'नम्र विनंती' तीनदा लिवलंय. एकदा विनवून भागत न्हाई का?"

"सरकारी अर्जाला तीन लागतात, बाई."

"दोन काडा. एवढं वाकलं तर साकव मागायला उभं कसं ऱ्हायाचं?"

मी दोन काढल्या. अर्ज नामंजूर झाला तो झालाच, पण त्यानंतर मी कोणत्याच अर्जात तीन विनंत्या लिहिल्या नाहीत. माझ्या लेखनात सुधारणा करणाऱ्या तुम्ही पहिल्या आणि शेवटच्या.

मग तुम्ही पक्षाच्या तालुका समितीत आलात. सात जणांत एक बाई. तुम्हाला घेण्याचा ठराव मीच लिहिला होता, त्यात "स्त्रीशक्तीचा आदर" असे शब्द होते. त्यात सतरंजीचा उल्लेख नव्हता. पण पहिल्याच बैठकीनंतर सगळे टोप्या घालून उठले, सतरंजी तशीच पडली होती, कोपऱ्यात केरसुणी होती, आणि सहा पुरुषांनी एकाच वेळी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पदर खोचलात. त्या दिवसापासून बैठक मोडली की सतरंजी झटकणं आणि केर काढणं तुमच्याकडे आलं. ठराव न करता समितीनं एकमतानं घेतलेला तेवढा एकच निर्णय.

आता हळदीकुंकवाचं. पुण्याहून आदेश आला की या खेपेला रस्ते-साकव बांधणाऱ्या लोकल बोर्डावर आपल्या तालुक्यातून पक्षातर्फे एक बाई उभी करायची. आपल्यात बाई एकच. त्यामुळे मला वाटलं, प्रश्न मिटला. तुम्हालाही तसं वाटलं असणार, कारण त्या आठवड्यात तुम्ही साकवाचा अर्ज लिहून घ्यायला आला नाहीत. "आता तितं बसूनच मागीन," म्हणालात.

बापूसाहेब म्हणाले, आधी बायकांची सभा घेऊ. मग सुपारी कातरता कातरता म्हणाले, "पण सभेला बायका कशा येणार? त्या आपल्या हळदीकुंकवाला येतात." मी ताडकन उठलो. "मग हळदीकुंकूच करू! संक्रांत आलीच आहे." बापूसाहेब माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "काय डोकं चालतं हो तुमचं." त्यांच्याच लोणावळ्याच्या बंगल्यावर ठरलं. मी तीन दिवस बसून शंभरावर निमंत्रणं हातानं लिहिली. "सर्व सौभाग्यवती भगिनींस आग्रहाचं निमंत्रण", आणि खाली, "मथुराबाई मार्गदर्शन करतील". नावं लिहिताना हात असा लागला होता की सौ. अमुक, सौ. तमुक करत तुमचंही कार्ड लिहिलं, आणि तुमच्याही नावामागे सौ. लावून टाकलं.

तुम्ही ते कार्ड घेऊनच आलात. बंगल्याच्या फाटकाशी मी स्वागताला उभा होतो, पुरुषांनी आत जायचं नव्हतं. तुम्ही कार्ड माझ्या नाकासमोर धरलंत.

"चिटणीस, माझा नवरा परत आणलात व्हय? कुटं हाय? बघू तरी, आता म्हातारा झाला असंल."

मला हसावं की ओढ्यात उडी घ्यावी ते कळेना, आणि लोणावळ्यात जवळपास ओढाही नव्हता.

तुम्ही पायऱ्या चढून दारापर्यंत गेलात. आतली कुजबूज थांबली ती मला फाटकाशी ऐकू आली. बापूसाहेबांची सून सुशीलाबाई हातात हळदीकुंकवाचं चांदीचं ताट घेऊन उभी होती. ती तुमच्या कपाळाकडे बघत राहिली, तुम्ही ताटाकडे. मग तुम्ही मागे वळलात आणि सगळ्यात खालच्या पायरीवर, वहाणांशेजारी बसलात. कुंपणापाशी आपल्या समितीतले दुकानदार भिकाशेट यांची बहीण उभी होती. नवरा गेल्यापासून ती दुकानामागच्या खोलीतून फारशी बाहेर पडत नसे. वहिनीला सोडायला आली होती, आत जाण्याचा प्रश्न नव्हता. तिला हाक मारून शेजारी बसवलंत, आणि तिथून, दाराकडे पाठ करून, एकटीला साकवाची गोष्ट सांगायला लागलात. आवाज मात्र शंभर जणींना पुरेल असा.

नंतर सांगताना मी म्हणतो की सगळ्या बायका उठून बाहेर आल्या. तसं झालं नव्हतं. सात-आठ आल्या. बाकीच्यांनी वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, आणि सुशीलाबाईंनी वाचून दाखवलेलं भाषण ऐकलं. कारण भाषण तयार होतं, मथुराबाई. टंकलेखन केलेलं होतं. हळदीकुंकवाच्या भर गडबडीत ते कुणी आणि कधी टंकलिखित केलं, हा तुमचा प्रश्न. इथून आपलं भांडण सुरू झालं ते मिटलंच नाही.

तुम्ही म्हणायचात, डाव बापूसाहेबांचा. मला दाराबाहेर ठेवून सुनेला पाटावर बसवायची होती. मी म्हणायचो, छे छे, कल्पना माझी, मूर्खपणा माझा. तुम्ही म्हणायचात, सुपारी कातरताना कोण काय बोललं ते आठवा. मी म्हणायचो, ते नुसते बोलले, उडी मी मारली. माझ्या मूर्खपणाचं श्रेय मी दुसऱ्या कुणाला द्यायला तयार नव्हतो. शेवटी एकदा तुम्ही म्हणालात, "चिटणीस, तुमी म्हनताय तेवढं खुळं कुनी नसतंय. थोडं तरी कळतच असतंय मानसाला." मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

हळदीकुंकवानंतर दोनच दिवसांनी समितीची बैठक झाली. नावं दोन आली, तुमचं आणि सुशीलाबाईंचं. वातावरण गंभीर होतं, आणि तुम्ही ते मोडलंत. म्हणालात, "हळदीकुंकू चिटणिसांनी केलं. मग चिटणिसांनाच उभं करा. कुंकू मी लावते, बांगड्या भिकाशेट दुकानातनं देतील." सगळे हसले. भिकाशेट तर कानावरची जांभळी पेन्सिल खाली पडेपर्यंत हसले. मीही हसलो. सर्वांत मोठ्यानं मीच हसलो.

मग गुप्त मतदान. मी सात चिठ्ठ्या कापून वाटल्या, ज्यानं त्यानं नाव लिहून पितळी डब्यात टाकायची. बापूसाहेबांनी एकेक उघडून वाचली. सुशीलाबाई चार, मथुराबाई तीन.

बापूसाहेबांनी उठता उठता माझ्या पाठीवर थाप मारली. मला ती सांत्वनाची वाटली. तुम्ही पदर खोचलात, सतरंजी झटकलीत, जमिनीवर सांडलेल्या चिठ्ठ्या, सुपारीची खांडं, विड्यांची थोटकं, सगळं एका जागी केलंत. मी दारात उभा राहून बघत होतो. हरल्यावरही बाई केर काढते आहे, केवढं हे मन, असं वाटून माझे डोळे भरून आले. तुम्ही केर भरताना मी जवळ येऊन हळूच म्हणालो, "मथुराबाई, माझं मत तुम्हालाच होतं हो."

तुम्ही मान वर केली नाहीत. "व्हय का," एवढंच म्हणालात.

हिशेब सोपा होता. बापूसाहेब आणि त्यांचे तळेगावचे दोन होयबा, ही तीन पलीकडची. तुम्ही आणि तुमच्याच गावचे आबा, ही दोन तुमची. उरलो भिकाशेट आणि मी. एकानं तुम्हाला दिलं, एकानं दिलं नाही. भिकाशेट भर बाजारात म्हणायचे, बायका बोर्डात गेल्या तर बोर्डाला चूल लागेल. मी तुमचे अर्ज लिहायचो. कोण कुठे असणार, हे कुणीही सांगितलं असतं. मीही सांगितलं, जिथे तिथे सांगितलं. "एका मतानं गेलं हो, माझं धरून तीनच पडली." भिकाशेट समोर असले तरी सांगायचो. ते कानावरची पेन्सिल काढून तिचं टोक बघत बसायचे. मनातून खजील झाले आहेत, असं मी समजायचो.

सुशीलाबाई निवडून आल्या. बोर्डाच्या बैठकीला मोटारीतून सासऱ्यांबरोबर जायच्या, सासरे दाखवतील तिथे सही करायच्या. साकवाचा विषय कुणी काढला नाही. तुम्ही परत माझ्या चटईसमोर येऊन बसलात. "लिवा." मी लिहिलं. दर वर्षी एक. एक नम्र विनंती.

आणि दर वर्षी भाताची झोडणी झाली की तुम्ही आंबेमोहर तांदळाचं एक गाठोडं डोक्यावर घेऊन लोणावळ्याच्या बाजारात जायचात आणि भिकाशेटच्या दुकानात ठेवून यायचात. माझ्या डोक्यात किडा शिरला तो यामुळे. ज्यानं तुमचं मत पाडलं त्याला तांदूळ? तेही असले वासाचे? पैसे तर घेताना दिसत नव्हतात. मला वाटलं, हे आपला पक्ष सोडून दुसऱ्या पक्षाला जाऊन मिळायचं चाललं आहे आणि भिकाशेट मधला माणूस आहे. मी पाळतीवर राहिलो. कापडाच्या दुकानाच्या खांबामागे उभा राहून बघत होतो, तर भिकाशेट पलीकडून ओरडले, "चिटणीस, लपायचं असेल तर टोपी काढून लपा. स्टेशनावरून दिसतेय."

एवढ्यावर मी थांबलो नाही. बापूसाहेबांच्या कानावर घातलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "ठेवा, लक्ष ठेवा. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे ना?" मी म्हणालो, पूर्ण.

शेवटी तुम्हालाच विचारलं. मळवलीच्या फलाटावर, गाडीची वाट बघताना. त्या दिवशी छत्रीवाला एक इसम आपल्याकडे बघतोय, साध्या वेशातला पोलीसच असणार, म्हणून मी कुजबुजत होतो. तुम्ही सरळ उठून त्याच्याकडे गेलात, "कुनाला शोधताय, दादा?" तो बिचारा मुलीसाठी स्थळ बघायला आला होता आणि आपल्याला वराकडची माणसं समजत होता. परत येऊन बसलात तेव्हा म्हणालात, "तुमाला समद्यांचा संशय येतोय, चिटणीस. फकस्त एकाचा येत न्हाई."

"कुणाचा?"

तुम्ही गाडी दिसते का म्हणून लांब बघितलंत. मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, भिकाशेटला तांदूळ कशापायी?

"खानारा बघून द्यायचं असतंय."

"मग मला कधी नाही दिलेत ते?"

"तुमाला काय द्यायचं! तुमी तर माझं हक्काचं मत."

आणि पदर तोंडाला लावलात. ती एक संधी होती. गाडी यायला दहा मिनिटं होती, फलाटावर आपल्याशिवाय तो मुलीचा बापच. मी बोलू शकत होतो. मी आकाशाकडे बघून म्हणालो, यंदा थंडी फार आहे.

आता बोलतो. माझी चिठ्ठी सुशीलाबाईंच्या नावाची होती.

का, ते मी स्वतःला अनेक प्रकारे सांगून पाहिलं. सुशीलाबाई शिकलेल्या, इंग्रजी येतं. तुम्ही उभ्या राहिलात तर बापूसाहेब अंग काढून घेतील आणि पडाल, त्यापेक्षा न राहिलेलं बरं. पक्षाचं हित. असं बरंच काही, अर्जात लिहिण्यासारखं. पण अर्ज लिहिणाऱ्याला अर्जातलं खोटं दुसऱ्या ओळीला कळतं. खरं कारण कुंकू आणि बांगड्या. आयुष्यभर मी माझ्याच फजित्या सांगून लोकांना हसवत आलो. किती हसवायचं, कुठे थांबायचं, ते माझ्या हातात असायचं. त्या दिवशी तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत, अर्ज काढून घेतला होतात तसा. सहा जण हसले आणि मला आत कुठेतरी लागलं. एका बाईनं हसं केलं, हे लागलं. चिठ्ठी हातात होती आणि गुप्त होती. तुमचा साकव मी त्या एका विनोदाच्या बदल्यात दिला, मथुराबाई. बापूसाहेबांनी डाव टाकला की नाही, हे आपलं भांडण मी एवढ्या हट्टानं चालू ठेवलं, कारण ते चालू होतं तोवर या दुसऱ्या गोष्टीकडे कुणी येणार नव्हतं. निदान तसं मला वाटत होतं.

शोकसभा संपल्यावर सुशीलाबाई माझ्यापाशी थांबल्या. बोर्डातून त्या केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत. म्हणाल्या, "त्या दिवशी मलाही पायरीवर येऊन बसायचं होतं. हातात ताट होतं." मग मोटारीत जाऊन बसल्या. माझ्या हातात तर काहीच नव्हतं, असं मनात आलं. एक चिठ्ठी सोडली तर.

म्हणून दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी गेलो. ओढा अजून गुडघाभर आहे. या खेपेला वहाणा हातात घेतल्या. तुमची जाऊ गंगूबाई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. ठरवून गेलो होतो की तुम्हाला नाही तर निदान त्यांना सांगायचं. घसा खाकरला, "गंगूबाई, एक सांगायचं राहिलं होतं," इथवर आलो, आणि त्या उठल्याच. "थांबा, तुमचंच एक हाय," म्हणाल्या आणि आतून पत्र्याची पेटी आणली. "गंगे, म्या गेले की चिटणिसाचं त्याला दे, असं सांगून गेलीया."

पेटीत साकवाचे नामंजूर अर्ज होते, वर्षाच्या क्रमानं, सगळे माझ्या हातचे. त्यांच्या तळाशी एक चिंधी, तिच्यात दोन चिठ्ठ्या. एकीवर तुमचं नाव होतं, जाड, वाकडंतिकडं, जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं. दुसरीवर "सौ. सुशीलाबाई". काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. शेवटी पूर्णविरामसुद्धा दिला होता. कित्ता गिरवायला घरी न्यावी अशी.

गेली नऊ-दहा वर्षं तुम्ही मला "लिवा" म्हणत होतात आणि मी लिहीत होतो, आणि दर खेपेला ते अक्षर तुम्ही बोट ठेवून वाचत होतात. पाठीवरची थाप, बापूसाहेबांचा ठसका, भिकाशेटनं पेन्सिलीचं टोक बघत बसणं, सगळं एकापाठोपाठ एक समोर येऊन बसलं. तांदूळसुद्धा.

"तिला कधीपासून ठाऊक होतं?" मी विचारलं.

"केर भरला तवापासनं."

"मग बोलल्या का नाहीत?"

"म्या बी तेच इचारलं. तर म्हनली, आपनहून सांगतोय का बघू. दर साली अर्ज लिवायला जायची, आली की म्या इचारायची, बोलला का गं? न्हाई म्हनायची." गंगूबाईंनी सूप पुढे ओढलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "अवो, उभ्या मावळात असलं अक्षर दुसऱ्या कुनाचं हाय? चोरून मत द्यायचं व्हतं तर डाव्या हातानं तरी लिवायचं! एवढंबी कळंना, आन म्हनं चिटणीस!"